निकालाच्या आधी छापलेला इतिहास

१ ऑक्टोबर १९१९ या दिवशी सिनसिनाटीच्या रेडलँड फील्डवर वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना झाला. शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर एडी सिकॉट याने यजमानांच्या पहिल्याच फलंदाजाला, मॉरी रॅथला, चेंडू मारला. नियमाप्रमाणे रॅथ आयताच पहिल्या बेसवर गेला. स्टँडमध्ये ज्यांच्या मांडीवर सामन्याची पुस्तिका उघडी होती, त्यांनी रॅथच्या नावापुढच्या चौकोनात पेन्सिलीने तशी खूण केली आणि ते पुढच्या चेंडूकडे वळले. तो चेंडू जुगाऱ्यांना दिलेला इशारा होता, हे उघड व्हायला वर्ष जावे लागले. १९२१ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडूनही बेसबॉलचे कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर आजन्म बंदी घातली. १९१९ च्या पुस्तिकेत मात्र ही आठ नावे इतरांच्याच टायपात, इतरांच्याच मानाने छापलेली आहेत. छापणाऱ्याला काय होणार ते ठाऊक नव्हते, आणि पेन्सिल चालवणाऱ्याला आपण काय पाहिले ते कळले नव्हते.

अमेरिकन बेसबॉलच्या अजिंक्यपद-पुस्तिकांचे आकर्षण माझ्या मते या दुहेरी अज्ञानात आहे. इतिहासाची बहुतेक पुस्तके निकाल माहीत असलेल्या माणसाने लिहिलेली असतात. ही पुस्तिका निकालाच्या आधी छापली जाते आणि निकाल लागत असताना भरली जाते. तिच्यात छापील भाग अपेक्षेचा असतो आणि हाताने लिहिलेला भाग घटनेचा. दोन्ही एकाच कागदावर असतात, आणि नंतर सुचलेल्या शहाणपणाला तिथे जागा नसते. प्रस्तुत पुस्तक अशा पुस्तिकांविषयी, त्या जमवणाऱ्यांविषयी आणि त्यांच्यातून काय कळते याविषयी आहे.

ज्या वाचकाने बेसबॉल फक्त चित्रपटांत पाहिला आहे, त्याच्यासाठी आधी वस्तूची ओळख. अमेरिकेत दर शरद ऋतूत दोन प्रमुख लीगचे विजेते संघ अजिंक्यपदासाठी एकमेकांशी सामन्यांची मालिका खेळतात. तीच वर्ल्ड सिरीज. मैदानाच्या दारापाशी आणि स्टँडमध्ये विक्रेते तिची पुस्तिका विकतात. मुखपृष्ठावर चित्र, आत संघमालकांची आणि व्यवस्थापकांची छायाचित्रे, खेळाडूंच्या याद्या, थोडे कौतुकाचे लेख आणि भरपूर जाहिराती. मधली दोन पाने चौकोनांची. हेच स्कोअरकार्ड. प्रत्येक फलंदाजासाठी एक आडवी ओळ, प्रत्येक डावासाठी एक उभा रकाना. क्षेत्ररक्षकांच्या जागांना १ ते ९ असे ठरलेले आकडे आहेत. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि डावीकडून उजवीकडे मागचे तिघे ७, ८, ९. एखाद्या चौकोनात ६-४-३ लिहिले असेल, तर चेंडू शॉर्टस्टॉपने अडवून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्या बेसवर फेकला, दोन गडी बाद झाले, असे त्यातून वाचता येते. सरावलेला माणूस भरलेली दोन पाने पाहून अख्खा सामना डोळ्यांपुढे उभा करू शकतो.

क्रिकेटचा धावलेखक पाहिलेल्या मराठी वाचकाला हे अनोळखी वाटायला नको, कारण या पद्धतीची मुळे क्रिकेटमध्येच आहेत. सामन्याचे छापील धावपत्रक विकण्याची चाल इंग्लंडात अठराव्या शतकातली. १८५९ मध्ये इंग्लंडचा क्रिकेट संघ उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा फ्रेड लिलीव्हाइट यांनी मैदानावर स्कोअरकार्ड छापण्यासाठी आपला छापखान्याचा तंबू सोबत नेला होता. त्या दौऱ्यातला एक सामना न्यू जर्सीतील होबोकन येथे झाला. त्याच गावात, एलिजियन फील्ड्सवर, १३ वर्षांपूर्वी निकरबॉकर क्लबने आपल्या लेखी नियमांनुसार दुसऱ्या क्लबाशी बेसबॉल खेळला होता. आज होबोकनच्या आसपासच्या गावांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतल्या कित्येकांच्या घराजवळच हा इतिहास घडला आहे.

बेसबॉलच्या नोंदपद्धतीचे जनक मानले जाणारे हेन्री चॅडविक हेही इंग्लंडात, एक्सेटरला, १८२४ मध्ये जन्मलेले. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी ते आधी क्रिकेटच्या बातम्या लिहीत. पुढे त्यांनी बेसबॉलला आकडेवारीची शिस्त लावली. १८७० नंतर व्यावसायिक लीग सुरू झाल्या, प्रेक्षक वाढले आणि साध्या कार्डाची पुस्तिका होऊ लागली. तिचा खरा व्यापार उभारला हॅरी एम. स्टीव्हन्स यांनी. इंग्लंडातून ओहायोत आलेल्या या माणसाने १८८० च्या दशकात कोलंबसच्या मैदानावर स्कोअरकार्ड विकण्याचे हक्क घेतले, त्यातल्या जाहिरातींच्या जागा व्यापाऱ्यांना विकल्या, आणि पुढे न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सपर्यंत आपला पसारा नेला. कार्डाशिवाय खेळाडू ओळखता येणार नाहीत, ही विक्रेत्यांची आरोळी त्यांच्याच नावावर सांगितली जाते.

आरोळी खोटी नव्हती. खेळाडूंच्या पाठीवर तेव्हा क्रमांक नसत. १९१६ मध्ये क्लीव्हलंडने बाहीवर क्रमांक लावून पाहिले, पण ते टिकले नाहीत. १९२९ मध्ये न्यूयॉर्क यांकीज आणि क्लीव्हलंड यांनी पाठीवर क्रमांक आणले आणि १९३० च्या दशकात ते सगळीकडे रुळले. यांकीजने ते फलंदाजीच्या क्रमाने दिले, म्हणून बेब रूथ ३ आणि लू गेरिग ४. तोपर्यंत दूरच्या बाकावरच्या प्रेक्षकाला पुस्तिकेवाचून गत्यंतर नव्हते. हे लक्षात घेतले म्हणजे इतक्या लोकांनी पुस्तिका विकत घेऊनही इतक्या थोड्या का उरल्या, हे कोडे सुटते. ती वापरायची वस्तू होती, जपायची नव्हती. सामना संपला की तिची किंमत गेल्या वर्षीच्या पंचांगाइतकी. बाकाखाली पडलेल्या प्रती झाडूबरोबर गेल्या.

अजिंक्यपदाच्या पुस्तिकांचा कालपट ढोबळमानाने चार भागांत मांडता येतो. पहिला भाग १८८४ ते १८९० चा. नॅशनल लीग आणि अमेरिकन असोसिएशन यांच्या विजेत्यांमध्ये तेव्हा मालिका होत, पण त्यांचे नियम दरवर्षी बदलत. १८८७ मध्ये डेट्रॉइट आणि सेंट लुईस हे संघ गावोगाव फिरत तब्बल १५ सामने खेळले. या काळातले उरलेले कागद इतके थोडे आहेत की ते बहुधा संग्रहालयांतच पाहायला मिळतात.

दुसरा भाग १९०३ पासून सुरू होतो. पिट्सबर्गचे मालक बार्नी ड्रायफस आणि बोस्टनचे हेन्री किलिलिया यांनी आपसांत करार करून नऊ सामन्यांपैकी पाच जिंकणाऱ्याची मालिका ठरवली आणि बोस्टनने ती ५-३ अशी जिंकली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सने बोस्टनशी खेळायला नकार दिला, म्हणून १९०४ चा रकाना प्रत्येक संग्राहकाच्या यादीत रिकामा असतो. दुसरा तसा रकाना १९९४ चा, खेळाडूंच्या संपाचा. १९०५ पासून मालिका नियमित झाली आणि १९७३ पर्यंत एक प्रथा कायम राहिली. प्रत्येक यजमान संघ आपल्या मैदानासाठी आपली वेगळी पुस्तिका काढत असे. म्हणजे एकाच मालिकेकडे दोन शहरांच्या नजरेतून पाहता येते. एका पुस्तिकेत ज्याला नायक म्हणून मिरवले आहे, तो दुसरीत पाहुण्यांच्या यादीतले एक नाव असतो. १९०३ ते १९७३ या काळात ७० मालिका झाल्या. प्रत्येकीच्या दोन धरल्या तर १४० पुस्तिका होतात. संपूर्ण संच जमवू पाहणाऱ्याचे हे गणित आहे, आणि पहिल्या दोन दशकांतच त्याची दमछाक होते.

तिसरा भाग १९७४ नंतरचा. त्या वर्षापासून मेजर लीग बेसबॉलने दोन्ही संघांसाठी एकच अधिकृत पुस्तिका काढायला सुरुवात केली. छपाई सुधारली, पाने वाढली, प्रती भरपूर झाल्या, आणि दोन शहरांच्या दोन नजरा संपल्या. चौथा भाग आपल्या डोळ्यांदेखतचा. तिकीट फोनवर आले, धावसंख्या फोनवर आली, आणि पेन्सिल घेऊन मैदानावर जाणारा प्रेक्षक विरळ झाला.

संग्राहकांमध्ये निरनिराळी घराणी आहेत आणि त्यांचे आपसांत फारसे पटत नाही. पहिले घराणे संच पुरा करणाऱ्यांचे. दुसरे संघनिष्ठांचे. यांच्यात गाव सोडून गेलेल्या संघांचे चाहते सर्वांत चिवट. ब्रुकलिन डॉजर्सने १९५५ मध्ये ब्रुकलिनला त्याचे एकमेव वर्ल्ड सिरीज अजिंक्यपद मिळवून दिले आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर संघ लॉस एंजेलिसला गेला. जायंट्स त्याच वेळी न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले. ब्रुकलिनचे एबट्स फील्ड आणि न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स दोन्ही पाडली गेली. तिथे खेळ पाहिलेल्यांना मुलानातवंडांच्या हाती देण्यासारखे जे थोडे उरले, त्यात ही पुस्तिका येते.

तिसरे घराणे मुखपृष्ठांच्या आणि जाहिरातींच्या रसिकांचे. त्यांना खेळाशी कर्तव्य असेलच असे नाही. अमेरिकन शहराची दैनंदिन हौस काय होती, ते या पानांत क्रमाने लावता येते. टोप्या, शिंपी, हॉटेले, सिगारेटी, दाढीची पाती. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळातली पुस्तिका तिच्या आधीच्या आणि नंतरच्या पुस्तिकांशेजारी ठेवली, तर एका कायद्याने जाहिरातींची पाने कशी पालटली ते दिसते. त्यापुढच्या काळात नामवंत खेळाडू स्वतःच सिगारेटच्या जाहिरातींत हसताना भेटतात.

चौथे घराणे न झालेल्या मालिकांच्या मागे असते. छपाईला वेळ लागतो. त्यामुळे हंगाम संपण्याआधीच, सप्टेंबरमध्ये, आघाडीवरच्या संघांना अंतिम मालिकेची तयारी करावी लागते. १९६४ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज १२ सामने उरले असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होते. वर्ल्ड सिरीजची तिकिटे छापून झाली. मग संघ सलग १० सामने हरला आणि मान सेंट लुईस कार्डिनल्सला गेला. अशा वाया गेलेल्या छपाईला संग्राहक ‘फँटम’ म्हणतात. त्यात अपेक्षा तेवढी आहे, घटना नाहीच.

पाचवे घराणे एका दिवसाच्या शोधात असते, आणि इथेच या छंदातला सर्वांत जुना वाद पेटतो. बाजाराला कोरी प्रत आवडते. पेन्सिलीची रेघ म्हणजे डाग, असा विक्रीचा सर्वसाधारण नियम. पण ८ ऑक्टोबर १९५६ चा दिवस घ्या. यांकी स्टेडियममध्ये यांकीजचा पिचर डॉन लार्सन याने डॉजर्सचे २७ फलंदाज ओळीने बाद केले. एकालाही बेसवर पोचू दिले नाही. वर्ल्ड सिरीजमधला तो आजवरचा एकमेव परफेक्ट गेम. याच मालिकेत तीन दिवसांपूर्वी त्याला दुसऱ्याच डावात मैदानाबाहेर काढावे लागले होते, त्यामुळे पुस्तिका विकत घेणाऱ्या कोणाला असे काही घडेल अशी आशा असण्याचे कारण नव्हते. त्या दिवशीची कोरी प्रत आपल्याला काय सांगते? मालिका होती, एवढेच. भरलेल्या प्रतीत दुसऱ्या डावातला जॅकी रॉबिन्सनचा चौकोन पाहावा. त्याचा जोरकस फटका तिसऱ्या बेसवरच्या अँडी केरीच्या हातून उडाला, शॉर्टस्टॉप गिल मॅक्डूगल्डने तो झेपावून घेतला आणि पहिल्या बेसवर फेकला. नीट पाहणाऱ्याने तिथे ५-६-३ लिहिले असणार. ज्याची नजर क्षणभर हलली, त्याने ६-३. दोन्ही प्रती खऱ्या, दोन्हींतला माणूस खरा. शेवटच्या डावांत हाताचा दाब वाढलेला आणि अक्षर बिघडलेले दिसले, तर त्यालाही मी पुरावा म्हणेन. अशा प्रतीला डागाळलेली म्हणणे मला मान्य नाही.

सहावे घराणे अभ्यासकांचे. त्यांनी हा वाद आपल्या कामाने निकालात काढला आहे. डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या रेट्रोशीट या स्वयंसेवी उपक्रमाने जुन्या सामन्यांचा फलंदाजागणिक तपशील गोळा केला. संघांच्या नोंदवह्या, वार्ताहरांच्या वह्या आणि प्रेक्षकांनी भरलेली स्कोअरकार्डे ही त्याची सामग्री. वर्तमानपत्र सामन्याचा सारांश देते. कोणत्या क्रमाने काय घडले, हे बऱ्याचदा कोणा अनाम प्रेक्षकाच्या चौकोनांतूनच कळते.

या पुराव्याची सर्वांत जास्त गरज आहे ती कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बेसबॉलला. १९०३ ते १९४६ या काळातल्या वर्ल्ड सिरीज पुस्तिकांच्या याद्या ओळीने वाचल्या, तर त्यांतली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे अनुपस्थिती. वर्णभेदाच्या अलिखित भिंतीपलीकडे त्यांच्या स्वतंत्र ‘नीग्रो लीग’ होत्या आणि त्यांची स्वतंत्र अजिंक्यपदेही. १९२४ मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्स आणि पेनसिल्व्हेनियातील हिलडेल यांच्यात कृष्णवर्णीयांची पहिली वर्ल्ड सिरीज झाली. एक सामना बरोबरीत सुटला आणि मोनार्क्स ५-४ असे जिंकले. निर्णायक सामन्यात क्युबाचा पिचर होसे मेंडेझ याने हिलडेलला एकही धाव दिली नाही. मोठ्या दैनिकांनी या सामन्यांना क्वचितच जागा दिली. कृष्णवर्णीयांची साप्ताहिके हा आधार होता, पण तोही प्रत्येक सामन्यापर्यंत पोचत नसे. १९४७ मध्ये ती भिंत मोडली आणि डॉजर्सच्या यादीत जॅकी रॉबिन्सन हे नाव छापले गेले. ती पुस्तिका लोक आवडीने जमवतात. तिच्याशेजारी १९२४ च्या मालिकेचा एखादा कागद ठेवल्याशिवाय तिचा अर्थ अर्धाच लागतो, हे या पुस्तकाने आग्रहाने मांडले आहे.

हा विषय आत्ताच का, याचे उत्तरही इथेच सापडते. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात नीग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत घेतली. कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत जॉश गिब्सन .३७२ घेऊन टाय कॉब यांच्या .३६७ च्या वर गेले. अशी उलथापालथ जुन्या कागदांच्या बळावरच होते, आणि नोंदी अजूनही अपुऱ्या आहेत. दुसरीकडे बाजारात पैसा वाढला आहे, आणि पैशामागोमाग नकलाही आल्या आहेत. गाजलेल्या पुस्तिकांची पुनर्मुद्रणे निघाली आहेत आणि काही जण ती जुनी म्हणून खपवतात. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर कागदगिरण्यांत रुळली. त्यामुळे १९१० ची म्हणून दाखवलेली पुस्तिका अतिनील दिव्याखाली निळसर उजळली, तर खिशात हात घालण्याआधी थांबावे. तिसरे कारण कागदाचे आयुष्य. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आतल्या आम्लानेच पिवळा पडतो आणि तुटतो. टाचण्या गंजतात. पीव्हीसीची पिशवी कागदाला अपाय करते. आम्लमुक्त पुठ्ठा, पॉलिएस्टरचे आवरण, कोरडी थंड जागा आणि अंधार एवढे दिले, तर मात्र तोच कागद आणखी काही पिढ्या टिकू शकतो.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही भावसूची नाही. कोणती प्रत कितीला गेली, हे लेखकाने संदर्भापुरतेच सांगितले आहे, कारण असे आकडे पुस्तक बांधून होईपर्यंत शिळे होतात. जपानच्या १९५० पासूनच्या अजिंक्यपद मालिकेचे आणि १९४३ ते १९५४ या काळातल्या अमेरिकन महिला लीगचे साहित्य समृद्ध आहे. त्यांना स्वतंत्र पुस्तक हवे, म्हणून इथे त्यांचा ओझरता परिचय आहे. लेखकाने निवडलेली वाट अशी: प्रत्येक पुस्तिका आधी छापणाऱ्याच्या बाजूने वाचायची, त्याला काय अपेक्षित होते ते पाहायचे. मग भरणाऱ्याच्या बाजूने वाचायची. आणि शेवटी दोहोंतले अंतर मोजायचे. १९१९ ची पुस्तिका, १९५६ ची पुस्तिका आणि कधीच न विकली गेलेली फँटम छपाई या तीन टोकांना एकच पद्धत लावता येते, हे या मांडणीचे यश आहे. बेसबॉल अजिबात ठाऊक नसलेल्या वाचकालाही ही पद्धत दुसऱ्या कुठल्या जुन्या कागदासाठी उपयोगी पडेल.

लेखकाशी माझा एक मतभेद आहे, तो इथे नोंदवतो. संग्राहकाने आपल्या वस्तूचे काय करावे हा त्याचा प्रश्न, असे लेखक सौजन्याने म्हणतो. मी इतका सौम्य होणार नाही. मालकी कागदाची असते. त्यावर पेन्सिलीने लिहिलेला सामना ज्या खेळाडूंनी खेळला, त्यांचाही त्या नोंदीवर हक्क आहे, आणि ज्यांच्या कारकिर्दीचे निम्मे सामने कुठे नोंदलेच गेले नाहीत, त्यांचा तर अधिकच. भरलेली मधली दोन पाने स्कॅन करून अभ्यासकांकडे पाठवायला मूळ प्रत हातातून सोडावी लागत नाही, की तिची किंमतही घटत नाही. हे पुस्तक वाचून एखाद्या संग्राहकाने आपल्या कपाटातली एवढी दोन पाने जरी पाठवली, तरी १९३० च्या दशकातल्या एखाद्या विस्मृत पिचरच्या नावावर त्याचा एक सामना परत जमा होऊ शकतो.